एक हात, एक शेत

मृदावाचकाच्या पडद्यावर चौथ्यांदा तीच लाल अक्षरं उमटली: ‘कृषक नाही’.

डॉ. शाल्मली ठोसरांनी पडद्याकडे पाहिलं, मग काचेवर टेकलेल्या हाताकडे पाहिलं. पेरांना चिरा पडलेल्या, नखं झिजलेली, तळव्याच्या रेषांत माती कायमची मुरलेली. असा हात ज्याला शेतकऱ्याचा वाटत नाही ते यंत्र खिडकीबाहेर भिरकावून द्यावं, असं त्यांना वाटलं. पण ते यंत्र त्यांनीच बनवलं होतं.

हात चिमाबाई लोहकरेचा होता. वय साठीचं, गाव डोंगरातलं कोंभाळदरा. तालुक्याच्या केंद्रावर तीनदा नापास होऊन ती अपिलासाठी पुण्याच्या या प्रयोगशाळेत आली होती. कृषक-पत्र मिळालं तर विक्रीकर माफ होऊन भाताचं लहान मळणी यंत्र तिला परवडणार होतं. तिचा उजवा खांदा आता वर जात नव्हता, आणि खांदा वर गेल्याशिवाय भात झोडता येत नाही. यंत्र आलं नाही तर शेत सोडावं लागणार होतं.

“यंत्र खोटं बोलत नाही, मॅडम,” उपायुक्त हेमंत देवचके म्हणाले. अपील ऐकायला ते आले होते आणि चहा संपला की उठायचा त्यांचा बेत होता.

पूर्वी ही माफी सातबारा बघून मिळायची. सातबाऱ्यावर नाव असलेले शहरातले साहेबलोक शेतीच्या नावावर घरातल्या फरशीपासून मोटारीपर्यंत सगळं करमुक्त आणत, आणि कसणारा मात्र विळ्यावरही कर भरी. आंधळं दळत होतं, कुत्रं पीठ खात होतं. म्हणून नवा कायदा झाला की जो कसेल त्यालाच पत्र. कसतो कोण, हे ओळखण्याचं काम मृदावाचकाकडे आलं.

“मावशी,” शाल्मलीताई म्हणाल्या, “प्रत्येक शेताच्या मातीत बारीक जिवाणू असतात. त्यांची मिसळ शेताशेताला वेगळी, अगदी बांधापलीकडचीसुद्धा वेगळी. माती हाताळली की ते कातडीत घर करतात. साबणानं जात नाहीत. चार महिने त्या मातीला हात लावला नाही, तर मात्र मरतात. हे यंत्र तुमचा हात आणि तुमच्या शेताची माती ताडून बघतं. शंभरातले सत्तर जुळायला हवेत.”

“आन् माजं किती जुळलं?”

“नऊ. बाकीचे दुसऱ्या अठ्ठावीस शेतांचे आहेत.”

चिमाबाईला त्यात नवल वाटलं नाही. “असनारच की. आमच्यात इर्जिक असती. आज समदी माज्या खाचरात, उद्या समदी शेजारच्या ठकूच्या. मजुरी न्हाई, दुपारचं जेवान तेवडं. लावनी तशीच, काढनी तशीच, झोडनी तशीच. येकटीच्यानं भात व्हतंय व्हय? पन आता झोडनीला माजा खांदा चालंना, लोकांकडनं फुकटचं किती दिस घ्यायचं? म्हून यंत्र.”

शाल्मलीताईंना आपला प्रयोग आठवला. विद्यापीठाच्या प्रयोगक्षेत्रावर त्यांनी बारा मजूर नेमले होते, प्रत्येकाला एक वाफा आखून दिला होता, आणि दोन वर्षं त्यांचे हात तपासून नियम बांधला होता: एक हात, एक शेत. खरी शेती अशी वाफे आखून होते का, हे विचारायला त्या एकदाही कुठल्या गावी गेल्या नव्हत्या.

“बघा, असं असतं,” म्हणत देवचक्यांनी गमतीत आपला हात काचेवर ठेवला. वडिलोपार्जित शेताचा क्रमांक सांगितला. पडदा हिरवा झाला. कृषक, सत्त्याण्णव टक्के.

“तुम्ही शेतात कधी गेला होतात?” शाल्मलीताईंनी विचारलं.

“छे हो, वेळ कुठे? पण बाल्कनीत गुलाब आहेत ना माझे. कुंड्यांना माती आपल्याच शेतातली. गडी आणून टाकतो.”

शाल्मलीताईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जो कुणाच्या मदतीला कधी गेला नाही त्याचा हात शुद्ध, आणि जी अठ्ठावीस घरांच्या चिखलात वाकली ती नापास. चोर सोडून संन्याशाला सुळी देणारं यंत्र त्यांनी स्वतःच्या हातांनी घडवलं होतं.

चिमाबाईनं हात काचेवरून काढला आणि पदराला पुसला. “म्हंजी मॅडम, दुसऱ्याच्या शेतात गेले म्हून माजं पत्र गेलं?”

“हो, मावशी. पण हा नियम मी बदलून आणते. वर्षभर थांबा.”

वर्षभर त्या भांडल्या. मंत्रालयात खेटे घातले, समित्यांपुढे आवाज चढवला, देवचक्यांच्या टिपणीवर टिपणी लिहिली. पास आणि नापास मिळून चार हजार हातांची तपासणी केली. खरा कसणारा प्रत्येक हात मिश्र निघाला. एकाच मातीचे हात निघाले ते कुंडीवाल्यांचे. शेवटी नियम उलटा झाला: हातावर निदान पाच शेतांची माती हवी, एकाच जागेची असेल तर पत्र नाही. त्या हिरव्या निकालावर देवचक्यांनी काढून घेतलेलं पत्र पहिल्या आठवड्यातच रद्द झालं, तेव्हा शाल्मलीताईंनी प्रयोगशाळेत पेढे वाटले.

पहिलं पत्र चिमाबाईला आपल्या हातानं द्यायचं म्हणून काढणीच्या तोंडावर त्या यंत्र घेऊन कोंभाळदऱ्याला गेल्या. वाटेतल्या खाचरांत एकेकटं माणूस राबत होतं. कुठे भात पिकून आडवा पडला होता, कुठे निम्मं खाचर लावणीविनाच राहिलं होतं. त्यांना ते विचित्र वाटलं, पण पाराशी बाकीचं गाव रांगेत उभं होतं, आणि सर्वांत पुढे चिमाबाई होती, हसत.

“या मॅडम. बगा आता हात.” तिनं तळवा काचेवर ठेवला. “तुमी सांगितलं तवापास्नं कुनाच्या बी शेतात पाय ठिवला न्हाई. गावानं ठरीवलंच. इर्जिक बंद. ज्यानं त्यानं आपलं बगायचं.”

“मावशी, मी असं कुठे सांगितलं?” शाल्मलीताईंनी विचारलं. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं आली: ‘कृषक नाही. एकाच जागेची माती’.

चिमाबाईला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग ती ओळखत होती. हात दाखवून अवलक्षण, असं कुणीतरी मागून पुटपुटलं. शाल्मलीताईंनी नवा नियम सांगितला. सांगताना त्यांना रांगेकडे बघवत नव्हतं.

“म्हंजी फिरून येकमेकांकडं जायाचं,” चिमाबाई सावकाश म्हणाली. “आन् बलावनार कोन? लावनीच्या टायमाला ठकू माज्या दारात आलती. पत्र जाईल म्हून मी तिला मागं धाडली. तवाधरनं ती बोलत न्हाई.”

तिनं डाव्या हातानं उजवा खांदा धरला आणि आपल्या खाचराकडे पाहिलं. भात काढणीला आला होता आणि झोडायला ती एकटीच होती.