जेथ्रोची चार बोटं

जेथ्रोला घरी आणायचं होतं. नदीचं बर्फ सुटायच्या आत.

एवढ्या एकाच कामासाठी मार्चमधल्या एका गुरुवारी तिघं जण गोठलेल्या नदीच्या पाठीवरून वर निघाली. जेथ्रोची बायको केझाया, त्याचा धाकटा भाऊ एबनर आणि चुलता ओबेडकाका. जेथ्रो जानेवारीतच गेला होता. लॅब्राडोरच्या रानात, घरापासून नऊ दिवसांच्या वाटेवर, आपल्या सापळ्यांच्या रांगेतल्या शेवटच्या खोपीत, तापाने. शेजारच्या वाटेवर सापळे लावणाऱ्या एका माणसाला तो सापडला. त्याने त्याला शिडाच्या कापडात शिवलं, जनावरं पोचू नयेत म्हणून खोपीच्या छपरावर ठेवलं आणि खाली येऊन निरोप दिला.

केझाया तेव्हा खारवलेला मासा धूत होती. तिने निरोप ऐकला, आणि मासा धुऊन संपवला. त्यानंतर ती रडली नव्हती. "रड गं बाई," सासू म्हणाली. पण रडू काय हौदातून काढायचं असतं? सकाळची प्रार्थना ती एक दिवसही चुकवत नव्हती. शब्द ओठांवर येत आणि निघून जात. आत काही हलत नव्हतं.

निघताना सासूने एवढंच म्हटलं, "दर साली मी त्याच्या बारासाठी दारात उभी राहते. यंदा बार नको, पण त्याला आण."

सापळेवाले रानातून परतत तेव्हा गावाबाहेरच्या नदीच्या वळणावर एक बार काढत. मी आलो, धड आलो, एवढंच सांगायला. ज्याची त्याची बंदूक वेगळी, भरायचा हात वेगळा, म्हणून आवाजही वेगळा. बायका चुलीपाशी बसल्याजागी ओळखत, कोणाचा आला ते.

सहाव्या दिवशी नदीच्या वेगवान धारेजवळचं बर्फ खचलं. घसरगाडीचं मागचं टोक पाण्यात! एबनर पालथा पडला, दोन्ही हात कोपरापर्यंत काळ्या पाण्यात घालून त्याने दोर धरला. ओबेडकाकांनी त्याचे पाय ओढले, केझायाने काकांचा कमरपट्टा. गाडी वर आली. पण काकांची बंदूक, बंदुकीच्या दारूचं शिंग, पिठाचं मोठं पोतं तळाला गेलं.

"चला, नदीने जेवण केलं," काका म्हणाले. "आता आपलं बघू. पुढच्या वाटेवर झाडावर टांगून ठेवलेलं पीठ आहे."

ते पीठ वूल्व्हरीनने, रानातल्या त्या खादाड चोराने, आधीच फस्त केलं होतं. जे खाल्लं नाही त्यावर तो मुतून गेला होता. शनिवारी दुपारी ती खोपीपाशी पोचली तेव्हा जवळ दोन दिवसांचं पीठ आणि चहा उरला होता. बर्फाच्या लखलखाटाने काकांचे डोळे सुजून मिटले होते. एबनरची बोटं पाण्याने आणि थंडीने फुगून गाजरांसारखी झाली होती.

छपरावरचं लांबट गाठोडं तसंच होतं. केझायाने त्याच्यावरचं बर्फ हाताने झाडलं. आत जाऊन चूल पेटवली.

खुंटीवर जेथ्रोची ठासणीची बंदूक होती. शिंगात बंदुकीची दारू थोडीच, जेमतेम सहा बारांची. छऱ्यांची पिशवी अर्धी. आणि एक मोठी गोळी.

"गोळीच भरूया," एबनर म्हणाला. "काल नदीकाठी मोठ्या हरणाचे ठसे पाहिलेत मी. एक हरीण पडलं की घरापर्यंत चिंता नाही."

"ठसे उकडून खाणार का रे?" काका डोळ्यांवर चहाचा ओला चोथा बांधून पडले होते. "हरणाला दारू जास्त लागते. एक बार चुकला की दोन जेवणं गेली. पांढरी तितरं मार. छोटा बार, छोटा जीव, पण हातात येणारा."

"आणि ससे?"

"सशांचं साल नाही हे. फास लावशील तर थंडीच अडकेल."

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी या नदीवर कोणी बंदूक उचलत नाही, उपाशी असलं तरी. नेमकी त्याच दिवशी सात पांढरी तितरं खोपीभोवती फिरायला आली. एक तर उंबरठ्यापर्यंत आलं.

"यांना वार कोण सांगतं?" एबनर दातओठ खात म्हणाला.

"ज्याने त्यांना पांढरं केलं त्यानेच," काका म्हणाले. "बस खाली. स्तोत्र म्हण."

केझायाने स्तोत्र म्हटलं. तितरं ऐकून गेली.

सोमवारी पहाटे त्यांनी जेथ्रोला खाली उतरवून गाडीवर बांधलं आणि परतीची वाट धरली. घटकाभरात काठच्या झुडपांत पाच तितरं दिसली. एबनरने बंदूक भरली. रिकाम्या नळीत गज, म्हणजे ठासायची सळई, टाकला की तो बरोबर नळीच्या तोंडापर्यंत येतो. आत दारू पडली, काथ्याचा बोळा बसला की तेवढा वर राहतो. जितका वर, तितकी बोटं. जेथ्रोच्या बंदुकीला तितरांसाठी चार. दोन दारूची, दोन छऱ्यांची. हे काकांना पाठ होतं. एबनरने गजाला बोटं लावून मोजलं, ठिणगीची तांब्याची टोपी चढवली, नेम धरला.

धडाम!

एबनर मागे बसला. तितरं उडाली. पाचही!

दुपारी पुन्हा चार तितरं, वीस पावलांवर. पुन्हा तेच. खांदा धरून तो ओरडला, "बंदूकच वाकडी आहे दादाची!"

"बंदूक अकरा वर्षं सरळ होती," काका शांतपणे म्हणाले. "आज वाकडी झाली काय?"

 तितरं बसली होती तिथवर केझाया बर्फावरच्या रुंद पादत्राणांनी चालत गेली आणि खाली वाकली. छऱ्यांची भोकं बर्फात गोल उमटली होती, मोठ्या कड्यासारखी. मधोमध, जिथे पक्षी बसले होते, तिथे बर्फ कोरं.

"काका, छर्रे कडेकडेने गेलेत. मध्ये एकही नाही."

"म्हणजे दारू जास्त झाली. दारूने छर्रे फाकले." काकांनी मान वळवली. "एबनर, किती भरलीस?"

"चार बोटं! देवाशपथ, चार. दोन आणि दोन."

"कोणाची?"

एबनरने आपला हात वर केला. तिघांपैकी दोघांनाच दिसत होतं, पण तिसऱ्यालाही कळलं. ती चार बोटं कोणत्याही माणसाची साडेपाच होती.

केझायाने शिंग हलवून पाहिलं. आता तीनच बार उरले होते. फुगलेल्या बोटांनी बाकीचे पिऊन टाकले होते.

"काका, तुमची बोटं?"

"माझीही थंडीने तुझ्या दिरासारखी सुजलीत. तुझी लाव."

केझायाने आपली लावली. "माझी चार म्हणजे त्याची तीन," ती म्हणाली. "हातमोजे विणलेत मी त्याचे."

"मग अंदाजाने वाढव."

"तीन बारांत अंदाज?"

वारा पडला होता. ती गाडीपाशी गेली, गुडघ्यांवर बसली आणि सुरीने कापडाचे सहा टाके कापले.

"वहिनी!" एबनर म्हणाला. "वहिनी, काय करतेस?"

"गज दे."

छातीवर घडी घातलेला हात लाकडासारखा होता. मधल्या बोटाचं नख काळं. चार सालांपूर्वी सापळ्यात सापडलं होतं ते. तेव्हा तो शिव्या देत नाचला होता आणि ती हसली होती. मेल्यावर गोठलेला हात फुगत नाही. तिने गजाचं टोक करंगळीच्या कडेला लावलं. दोन बोटांवर सुरीने एक खाच पाडली. चार बोटांवर दुसरी. मनाशी देवाचं नाव घेतलं. तिला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. तिने हात झाकला आणि टाके परत घातले, आधीच्यापेक्षा बारीक.

 काकांनी नाक शिंकरलं.

तिसऱ्या दिवशी वाळक्या झाडांच्या रांगेत पांढऱ्यावर पांढरं काहीतरी हललं. काळे डोळे तेवढे दिसले. दोन, चार, सहा. केझायाने मोजा काढला. दारू, पहिल्या खाचेपर्यंत. काथ्या. गज. छर्रे, दुसऱ्या खाचेपर्यंत. पुन्हा काथ्या. बोटांना टोपी जाणवत नव्हती, म्हणून ती ओठांनी चढवली. ती रांगत पुढे सरकली. पक्ष्यांनी माना वर केल्या. आता!

बार वेगळाच झाला. आखूड, भरीव. खांद्याला धक्का नाही, नुसती थाप. धूर विरला तेव्हा चार तितरं बर्फात पडली होती!

"हाच!" ओबेडकाका आंधळ्यासारखे हात हलवत ओरडले. "हाच आवाज! पोरी, हा त्याचा बार!"

त्या चारांवर तिघांनी तीन दिवस काढले. हाडंसुद्धा उकळली. दुसऱ्या बारात तीन पडली. वाटेत रविवार आला, त्या दिवशी थांबली. सोमवारी शेवटचं तितर संपलं. मंगळवारी नुसता चहा. गाडी दर पावलाला जड होत होती. एबनर दोराला दात लावून ओढत होता, बोटांत जोर नव्हता.

"दादाला इथे ठेवून जाऊ," तो एकदाच म्हणाला. "परत येऊन नेऊ."

"बर्फ थांबेल का?" केझाया म्हणाली. त्याने पुन्हा दात लावले.

बुधवारी सकाळी एका खुंटावर एकुलतं एक तितर बसलेलं, दहा पावलांवर. शिंगात एक बार होता. तिने तो भरला, दोन्ही खाचांपर्यंत. नेम धरला. पक्षी हललाही नाही.

"मार, वहिनी," एबनर कुजबुजला. त्याच्या तोंडाला पाणी सुटल्याचं ऐकू येत होतं.

केझायाने बंदूक खाली केली.

"वळण किती लांब आहे, काका?"

काकांनी एक डोळा किलकिला केला. आता त्यांना थोडं दिसत होतं. त्यांनी डोंगराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "दुपारपर्यंत," ते म्हणाले. "एक तितर तिघांत म्हणजे उपासच. चल रे एबनर. तितरालाही आयुष्य असतं."

"माझ्यापेक्षा जास्त आहे त्याला," एबनर म्हणाला, पण दोर त्याने उचलला.

दुपारी वळण आलं. पुढे पांढरं पात्र, त्यापलीकडे धूर, सहा घरांचा. केझायाने नळी आकाशाकडे केली.

बार झाला. आखूड, भरीव. डोंगराने तो घेतला आणि परत दिला.

पलीकडे काही क्षण काहीच नाही. मग एका घरातून एक बार. मग दुसऱ्यातून. मग साऱ्या किनाऱ्यावरून, एकामागून एक!

म्हातारी सासू शालसुद्धा न घेता बर्फावर धावत आली होती. गाडीवरच्या लांबट गाठोड्यापाशी ती थबकली. तिने कापडावर हात ठेवला, मग बंदुकीकडे पाहिलं.

"आवाज त्याचाच होता," ती म्हणाली. "चुलीपाशी ओळखला मी. कोणी भरली गं?"

"त्यानेच," केझाया म्हणाली आणि गज पुढे केला.

म्हातारीने दोन खाचांवरून अंगठा फिरवला. मग सुनेचे दोन्ही हात धरले. पांढरे, मेणासारखे. ते आपल्या काखेत घट्ट दाबून ती तशीच उभी राहिली. लोक गाडीभोवती जमू लागले. कोणीतरी एबनरला भाकरी दिली. बऱ्याच वेळाने एका करंगळीत सुई टोचल्यासारखं झालं. मग दुसऱ्या बोटात. मग सगळ्यांत.

"दुखतंय," केझाया म्हणाली.

"दुखू दे," म्हातारी म्हणाली, आणि तिने हात सोडले नाहीत.