नाराशिता स्टेशनवर पेटवलेली चूड

खरं वाटत नसेल तर सोडून द्या. पण नोबुए माझी सख्खी मावशी आहे, आणि ती खोटं बोलायची तसदीसुद्धा कुणासाठी घेत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. तेरा ऑगस्ट, ओबोनचा पहिला दिवस. ठिकाण, आमच्या डोंगरातलं नाराशिता स्टेशन.

स्टेशन कसलं... एक फलाट, एक बाक आणि कोळ्यांची जाळी.

मावशीचा नवरा कानझो तिथला स्टेशनमास्तर होता. रेल्वेने स्टेशनवरची माणसं काढून घेतली, तरी हा बिनपगारी जातच राहिला. टोपी घालून रिकाम्या रुळांकडे बोट दाखवायचा आणि ओरडायचा, "रूळ मोकळा! ठीक!"

ती खोड घरातही. चहा झाला की शेगडीकडे बोट. "गॅस बंद! ठीक!"

मावशीच्या डोक्यात तिडीक जायची. "घरात दोन घटका टेकायला येतो, तोही शेगडीला सलाम ठोकायला," ती सगळ्यांदेखत म्हणायची. मीही खूप हसलेय त्याला.

त्याआधीच्या हिवाळ्यात कानझोकाका वारला. मावशीने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ओबोन उरकायचं, घराला कुलूप घालायचं आणि सेंदाईला मुलीकडे कायमचं जायचं, एवढंच तिने ठरवलं होतं. बॅगसुद्धा भरून दारामागे ठेवली होती.

ओबोनला मेलेली माणसं घरी येतात. त्यांना आपलं घर सापडावं म्हणून पहिल्या संध्याकाळी दारात तागाच्या काड्यांची चूड पेटवायची. शेवटच्या दिवशी पुन्हा पेटवायची, म्हणजे ती परत जातात. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

मावशी मात्र काड्या घेऊन स्टेशनच्या रस्त्याला लागली.

शेजारच्या सावाकोने अडवलं. "अगं नोबुए, चूड आपल्या दारात पेटवायची! येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जागी नाही. भलताच कुणी यायचा!"

"जिवंतपणी ज्याला घराचा पत्ता माहीत नव्हता, तो मेल्यावर काय शोधणार?" मावशी म्हणाली. "तिथेच असेल तो. रुळांना बोटं दाखवत."

"पहिलाच ओबोन आहे त्याचा. एवढी तरी लाज राख."

"त्याने राखली होती का माझी?"

फलाटावर मातीच्या ताटलीत तिने काड्या पेटवल्या. उजेड सरत आला होता.

संध्याकाळची एका डब्याची गाडी आली. दार उघडलं...

कुणीच उतरलं नाही.

पण ड्रायव्हर दार लावेना. चांगला पोक्त माणूस. त्याने टोपीला हात लावला आणि रिकाम्या पायरीकडे बघून म्हणाला, "सावकाश उतरा."

गाडी गेली.

"आला!" मावशी कडाडली. "तोही गाडीने. मला कधी पुढच्या गावापर्यंत नेलं नाहीस, आणि स्वतः बरा फिरतोस! चल, पाय उचल."

ती निघाली. मागे खडीवर पावलं वाजली...

ती थांबली. पावलंही थांबली.

पुन्हा चालली. पावलंही.

ती घाबरली नाही. वाटभर त्याचा उद्धार करत आली. जन्मभराचं साठलेलं सगळं बोलली. तो लंगडायचा ते, घोरायचा ते, लग्नात तिच्या बापासमोर घड्याळ बघत बसला होता ते.

मागून हूं की चूं नाही.

कानझो निदान खाकरला तरी असता. पण हे तिला तेव्हा सुचलं नाही.

ती दार उघडून आत शिरली आणि तिच्या लक्षात आलं, नैवेद्याची लाल चवळी मंद आचेवर ठेवून आपण तशाच गेलो. करपल्याचा वास यायला हवा होता.

वास नव्हता.

घर अगदी शांत होतं... आणि मग स्वयंपाकघरातून आवाज आला. दमलेला, ओळखीचा.

"गॅस... बंद. ठीक."

मावशी होती तिथेच उभी राहिली.

कानझो घरी आला होता. चूड नाही, दिवा नाही, तरी आपला आपण घर शोधत आला होता.

मग...

मागे उंबऱ्याशी कुणीतरी सावकाश बूट काढत होतं.

तिने वळून पाहिलं नाही. आजवर पाहिलेलं नाही.

सोळा तारखेला तिने दोन चुडी पेटवल्या. पहिली दारात. ती विझली, आणि स्वयंपाकघर एकदम रिकामं झाल्यासारखं तिला वाटलं. तेव्हा ती रडली. सावाकोने स्वतः पाहिलं.

दुसरी फलाटावर. गाडी थांबली. तोच ड्रायव्हर. दार उघडून तो बराच वेळ बघत राहिला.

मग मान हलवून म्हणाला, "आजी, कुणी चढलं नाही."

मावशी सेंदाईला गेली नाही. मुलगी फोन करून करून थकली. शरदात मीच समजवायला गेले. उंबऱ्याशी तिने माझ्यासाठी सपाता मांडल्या, आणि शेजारी आणखी एक जोड.

"पाय पुसून ये, मेल्या," ती दाराकडे पाठ करून खेकसली. तोंड तेच.

"मावशी, चल ना माझ्याबरोबर. आत्ताच निघू."

"आणि मागोमाग आला तर? लेकीच्या घरी नेऊ त्याला? तिची पोरं लहान आहेत."

"अगं, कदाचित कानझोकाकाच असेल..."

तिने शेगडीकडे पाहिलं. किटली केव्हाची उकळत होती. पाणी आटून तळ तडतडायला लागला होता. ती मुद्दामच उठत नव्हती. वाट बघत होती.

"तो असता तर गॅस बंद केला असता गं," ती म्हणाली.

मीच उठून बंद केला. चहा न घेताच निघाले.

ती अजून तिथेच आहे. कोण आहे तिच्याबरोबर, कुणालाच माहीत नाही. मी आता रोज शेगडी बंद केली की बोट दाखवते आणि मोठ्याने म्हणते, "गॅस बंद! ठीक!" ज्याला जन्मभर हसले, तेच करते. माझी मुलं हसतात मला.

मी मात्र स्टेशनवरून घरी येताना एकदा थांबते... आणि मागे कान देते.