आतली दुमड

माझे बाबा शिंपी. माझ्या मुलीचे, ठकीचे, फ्रॉक तेच शिवतात आणि घेराच्या आत चार बोटं कापड दुमडून ठेवतात. पोर वाढली की टाके उसवायचे, फ्रॉक लांब. "कापड कुठे जात नाही, आत बसून वाट बघतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ठकीच्या चौथ्या वाढदिवसाचा पिवळा फ्रॉक शिवून झाला आणि त्याच आठवड्यात बाबांच्या यकृतात गाठ निघाली. कॅन्सरची.

गाठ लहान होती. पोट उघडायला नको, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. बरगड्यांखालून एक लांब सुई थेट गाठीत न्यायची, तिच्या टोकातून रेडिओलहरी सोडायच्या, त्या उष्णतेने गाठ जागच्या जागी जळते.

"कडेचं थोडं निरोगीही जाळावं लागतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर ती परत धरते."

"जन्मभर सुईवर पोट भरलं," बाबा म्हणाले. "आता सुईच पोटात येणार म्हणा."

डॉक्टरबाई हसल्या. मला नाही हसू आलं. एरवी मी बिनकारणाची काळजी करते, इथे तर कारण चालून आलं होतं.

त्या सकाळी मला खोलीच्या दारापर्यंत जाऊ दिलं. नर्सने बाबांच्या दोन्ही मांड्यांवर पोस्टकार्डाएवढ्या चिकटपट्ट्या दाबून बसवल्या. सुईतून शिरलेल्या विजेला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून. मग तिने त्यांचा उजवा हात उचलून डोक्यावर ठेवला. भूल हलकीच होती. "मी सांगितलं की श्वास धरायचा, आजोबा. हलायचं नाही." दार बंद झालं.

सगळं नीट पार पडलं. संध्याकाळी घरी येऊन मी ठकीला आंघोळीला नेलं, तर तिच्या दोन्ही मांड्यांवर लाल चौकोन. कोपरे गोलसर, कडा रेखीव.

"ही कशावर बसली होती?" मी नवऱ्याला विचारलं.

"कशावर नाही. सकाळीच झोपली, आपणहून. मीच चकित झालो."

"सकाळी कशी झोपेल ती?"

"झोपली खरी. आता लगेच थर्मामीटर काढू नकोस."

मी काढला. ताप नव्हता. चड्डीचं इलॅस्टिक असेल, अंगावर काही उठलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी चौकोन गेले होते.

पुढच्या तपासणीत ती गाठ पुरती जळालेली दिसली, पण यकृताच्या दुसऱ्या टोकाला नवा ठिपका होता. पुन्हा सुई. या वेळी मी नवऱ्याला जायला सांगितलं.

"अगं, बाबा तुझे आहेत."

"ठकीजवळ मी थांबते."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाबांची फाईल पिशवीत घातली.

मी ठकीला सैल कुडता घातला, आत काही घट्ट नको म्हणून. ती खिडकीखाली ठोकळ्यांचं घर बांधत बसली. ऊन फरशीवर आलं होतं. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. नवऱ्याचा मेसेज आला, "आत नेलं."

थोड्या वेळाने ठकीने हातातला ठोकळा हळूच खाली ठेवला. उताणी झोपली. उजवा हात उचलून डोक्यावर नेला.

"ठकी, काय खेळतेस?"

डोळे उघडे होते. छाती हलत नव्हती.

मग तिने श्वास सोडला. पुन्हा धरला.

मी कुडता वर केला. मांड्यांवर लाली चढत होती, टीपकागदावर शाई पसरावी तशी. कोपऱ्यांपाशी येऊन ती थांबली. मी उजव्या बरगड्यांखाली तळहात ठेवला. तेवढी जागा नुकत्याच इस्त्री केलेल्या कापडासारखी गरम होती. बाकी अंग गार.

दुसऱ्या हातात फोन होता. नवरा त्या दाराबाहेरच बसला होता. मी सांगितलं असतं तर त्याने दार ठोठावलं असतं, कारण न विचारता.

तिकडे बाबांच्या पोटात सुई होती.

मी फोन फरशीवर ठेवला.

किती वेळ गेला कोण जाणे. ठकी उठून बसली, ठोकळा उचलला. "आई, भूक लागली."

मुलांच्या डॉक्टरांनी तिला वरपासून खालपर्यंत तपासलं. रक्त चांगलं, पोट चांगलं. "जरा झोप घेत जा," ते मला म्हणाले. नवऱ्याला मी एवढंच सांगितलं की ती पुन्हा सकाळी झोपली होती.

बाबा सुधारले. जेवण वाढलं, मशीन पुन्हा खडखडू लागलं. ठकी खेळते, खाते, भांडते. काही महिन्यांनी बाबांच्या यकृतात तिसरा ठिपका दिसला. "एकच आहे, सहज जाईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुढच्या सोमवारची वेळ मिळाली आहे.

काल बाबा घरी आले. "पिवळा फ्रॉक आण गं. सोमवारनंतर चार दिवस हात चालणार नाही, आजच उसवून देतो. वर्ष होत आलं, पोर ताडासारखी वाढली असेल."

ठकीने फ्रॉक घातला. बाबा तिच्यासमोर मांडी घालून बसले, ओठांत टाचण्या. घेर गुडघ्यावर होता. वाढदिवसाला होता तिथेच. त्यांनी काठ ओढून पाहिला. मग गळ्यातली टेप काढली. छाती मोजली, बाही मोजली, उंची मोजली. घरच्यांची मापं त्यांना तोंडपाठ असतात. त्यांनी उंची पुन्हा मोजली आणि ओठांतल्या टाचण्या एकेक करून डबीत टाकल्या.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. टाके राहू देत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "सरळ उभी राहा गं ठके, पाठ राहिली."

ठकी सरळ उभी राहिली. उजवा हात उचलून तिने डोक्यावर ठेवला.

"आजोबा," तिने विचारलं, "आता श्वास धरू?"