ढाल फोडायच्या आदल्या रात्री

दार ओढून घे रे कार्स्टेन, वारा आत येतोय. उद्या सकाळी तुम्ही पाचही जण पलटणीत जायला निघणार, म्हणजे आजची रात्र माझी. उद्यापासून तुमचे कान सार्जंटच्या मालकीचे. मीही बावीस वर्षं सार्जंट होतो, म्हणून सांगतो, हुकूम कसा पाळायचा हे तिथं कुणीही शिकवेल. कधी मोडायचा, ते मात्र कुणी शिकवत नाही. मला ते एका मेलेल्या माणसानं शिकवलं.

हसू नकोस. आधी ऐक.

ही गोष्ट योखेन पागेलची. आपला सुतार, तुम्ही ज्या पाळण्यांत झोपलात ते त्यानंच केलेले. माझा जिवाभावाचा दोस्त होता, आणि खोटं बोलायची कला त्या माणसाच्या अंगात नावालाही नव्हती. त्यानं मला जसं सांगितलं तसं सांगतो.

साल अठराशे अडुसष्ट. अकरा नोव्हेंबर, बुधवार. संत मार्टिनचा दिवस, त्यामुळे घरोघरी हंस भाजायला टाकलेला. संध्याकाळी सहाच्या सुमारास योखेन सुरीला धार लावत बसला होता, तेवढ्यात हवेलीवरून निरोप आला. कॅप्टनसाहेबांनी बोलावलंय, असाल तसे या.

"आता?" त्याची बायको लेने चुलीपासून म्हणाली. "अहो, हंस गार होईल. मेलेल्या माणसाला कसली घाई?"

"मेलेल्याला नाही गं. मागे उरलेत त्यांना आहे," योखेन म्हणाला आणि टोपी घालून निघाला.

मेलेला माणूस म्हणजे म्हातारे मेजर फॉन बारनित्झ. रविवारी पहाटे गेले, वय सत्याहत्तर. शवपेटी योखेननंच केली होती, आणि तिचं माप घ्यायला त्याला हवेलीवर जावं लागलं नव्हतं. स्वतःच्या खांद्यांचं माप घेतलं, चार बोटं वाढवली, झालं.

कारण मेजर त्याचा बाप होता.

अख्ख्या गावाला ठाऊक होतं आणि अख्खं गाव गप्प होतं. अठराशे चौदा साली मेजर साधे लेफ्टनंट होते. लाइपझिगच्या लढाईत उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गमावून परत आले आणि सुताराच्या मुलीच्या, ट्रीनेच्या, प्रेमात पडले. पलटणीच्या पाद्र्यानं दोघांचं लग्नही लावलं. पण अधिकाऱ्याला राजाची परवानगी लागते. ती मागितली, तीनदा मागितली, तीनदा नाही आली. चौथ्या कागदावर हुकूम होता की हे लग्न झालेलंच नाही. आणि मेजरनी हुकूम पाळला. पिढ्यान् पिढ्या हुकूम पाळणारं घराणं, त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पोर आईच्या नावानं वाढलं.

पण दर संत मार्टिनच्या रात्री मेजर सुतारशाळेत यायचे. तासभर भुशात खुर्ची टाकून बसायचे. बोलायचे नाहीत. योखेनची करवत रेघेबाहेर जायला लागली की हातातली काठी दोनदा जमिनीवर आपटायचे. टक, टक. योखेन थांबायचा, बघायचा, आणि म्हातारा दरवेळी बरोबर निघायचा. चौदा वर्षांचा असताना एकदा योखेन म्हणाला होता, "जरा दुसरं टोक धरता का?" मोठी चौकटीची करवत होती ती, दोघांनी ओढायची. मेजरनी आपल्या अर्ध्या हाताकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, उठले आणि निघून गेले. ते दुसरं टोक त्यांनी कधीच धरलं नाही.

हवेलीत कॅप्टन फॉन ट्रेस्क शेकोटीपाशी उभा होता. मेजरच्या बहिणीचा मुलगा. मेजरचं नाव संपलं तरच हवेली त्याची होणार होती.

"ये, सुतार. उद्या दहाला ढाल फोडायची आहे. जुनं लिंडनच्या झाडाचं लाकूड आहे, नुसत्या हातोड्यानं फुटणार नाही. आज रात्री मागच्या बाजूनं अर्धी कापून ठेव. एका घावात दोन तुकडे झाले पाहिजेत. पाहुणे येणार आहेत."

 योखेनला ही रीत माहीत होती. घराण्यातला शेवटचा पुरुष गेला की शवपेटीसमोर घराण्याचं चिन्ह असलेली लाकडी ढाल फोडतात आणि म्हणतात, 'आज अमुक, यापुढे कधीच नाही.' मग त्या नावाचं जगात कुणी उरत नाही.

"तोंड का असं केलंस?" कॅप्टन हसला. "गावात दुसरा सुतार नाही, त्याला मी काय करू? आणि हो, उद्या तू चर्चच्या फाटकाबाहेर उभं राहायचं. तुझी सुतारशाळा हवेलीच्या जमिनीवर आहे, एवढं ध्यानात ठेवलंस तरी पुरे."

"होय साहेब," योखेन म्हणाला. बापाचंच रक्त, दुसरं काय.

तर नऊ वाजता तो चर्चमध्ये गेला. कंदील आणि तीच करवत घेऊन. तिथं पहारा असायला हवा होता. पोरांनो, पलटण सोडून मी तेव्हा हवेलीच्या फाटकावर नोकरीला होतो, आणि त्या रात्रीचा पहारा माझा होता. आणि मी इथं होतो, याच बाकावर, हंसाची तंगडी हातात घेऊन. लाज वाटते, पण खरं ते खरं.

त्यामुळे चर्चमध्ये कुणी नव्हतं. वेदीसमोर शवपेटी, तिच्यावर म्हाताऱ्याची तलवार, आणि पायाशी ढाल. योखेननं ढाल उलटी करून बाकाला टेकवली, गुडघा रोवला, रेघ मारली. दोघांची करवत एकट्यानं ओढायची सवय त्याला होतीच. जन्मभर तेच केलेलं.

खर्र... खर्र...

बोटभर कापलं गेलं. आणि त्याला ऐकू आलं.

टक. टक.

लाकूड गारठ्यानं वाजतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं कपाळ पुसलं. पुन्हा ओढायला लागला. खर्र...

टक. टक.

आता मात्र त्याचे हात थांबले. आवाज शवपेटीतून येत होता. आतून. ती पेटी त्यानंच केली होती, कुठली फळी कशी वाजते ते त्याला कळत होतं. उजव्या हाताच्या बाजूची फळी.

कुणीही पळालं असतं. मी पळालो असतो. योखेन घाबरला, नाही असं नाही. पण त्या भीतीखाली त्रेपन्न वर्षांचा राग होता, आणि राग आधी वर आला. तो उठला आणि शवपेटीवर ओरडला.

"आता? आता टकटक करताय? माझी रेघ चुकतेय म्हणून? तुमची रेघ कुठं गेली होती? आई मेली, तेव्हा कुठं होता? एक कागद आला आणि तुम्ही गप्प बसलात! मी पण तुमचाच, म्हणून मी पण होय साहेब म्हणून आलो. घ्या. बघा. तुमचं नाव मीच कापतोय!"

आवाज छताला लागून परत आला. 

तो पुन्हा बसला. करवत धरली.

कंदील विझला.

वारा नव्हता.

त्यानं श्वास रोखला... काळोखात तंबाखूचा वास आला. ओल्या कातड्याचा वास आला. भुशातल्या त्या खुर्चीचा वास. दरवर्षीचा. याच रात्रीचा.

"कोण आहे?"

...

त्यानं करवत ओढली. आली नाही.

जोर लावला. आली नाही. अडकली नव्हती. लाकडात अडकलेली करवत कशी लागते ते त्याला माहीत होतं. ही अडकली नव्हती. ही...

दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरली होती.

"सोडा," योखेन म्हणाला.

नाही.

"सोडा म्हणतो..."

 करवतीच्या त्या टोकाला एक बारीक थरथर होती. म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरतो तशी. ती लाकडातून येत होती, पात्यातून, त्याच्या मनगटापर्यंत.

किती वेळ? त्याला सांगता आलं नाही. दोघांनी दोन टोकं धरलेली. कुणीच ओढत नव्हतं.

मग योखेननं आपलं टोक सोडलं. रागानं नाही, असं तो मला म्हणाला. त्याला रडू येत होतं. अंधारात चाचपडत तो बाहेर पडला, घरी गेला, आणि लेनेनं गार झालेला हंस पुढं ठेवला तो त्यानं सगळा खाल्ला. "उद्या माझा काळा कोट काढ," एवढंच तिला म्हणाला.

पहाटे मी दारूनं जड झालेलं डोकं धरत पहाऱ्यावर परतलो, तेव्हा करवत जमिनीवर पडली होती. ढालीच्या पाठीवर बोटभर खोल चीर. मी करवत कोटात गुंडाळून बाकाखाली लपवली. माझ्या पहाऱ्यात कोण येऊन गेलं असं विचारलं असतं, तर काय सांगणार होतो?

आता यापुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

गुरुवारी दहा वाजता चर्च भरलं. ढाल दगडी पायरीवर ठेवली, आणि कॅप्टननं स्वतः हातोडा घेतला. "आज बारनित्झ, यापुढे कधीच नाही!" आणि घाव घातला.

ढाल फुटली नाही.

दुसरा घाव. नाही. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कॅप्टनचा चेहरा लालबुंद झाला, त्यानं दोन्ही हातांनी तिसरा घाव घातला आणि हातोड्याचा दांडाच मोडून बाजूला पडला. बोटभर चिरलेलं, दीडशे वर्षांचं वाळकं लाकूड, पोरांनो. तुमच्या गुडघ्यावर मोडलं असतं.

तेवढ्यात दार उघडलं. योखेन काळ्या कोटात आत आला, सरळ चालत शवपेटीमागं गेला, मुलगा उभा राहतो त्या जागी, आणि उभा राहिला.

"तुला आत कुणी सोडलं?" कॅप्टन ओरडला.

"आज बारनित्झ," योखेन म्हणाला. मोठ्यानं नाही. "उद्याही बारनित्झ. अजून तीन मुलगे आहेत माझे, फाटकाबाहेर थांबलेत. बोलावू?"

"सार्जंट! बाहेर काढ याला!"

सार्जंट मीच. बावीस वर्षं मी सांगतील तसं केलेलं. मी पुढं झालो. शवपेटीवरची तलवार उचलली. घराण्याचा वारस तलवार घेऊन शवपेटीमागं चालतो, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत होतं. मी ती योखेनच्या हातात दिली.

कॅप्टन ट्रेस्कनं मला फाटकावरच्या नोकरीवरून काढलं. काढू दे. नववर्षाच्या आत योखेनला सुतारशाळेतून हाकललं. गावानं ती फळीफळीनं ओढ्यापलीकडं नेऊन चर्चच्या जमिनीवर उभी केली. हवेली कॅप्टनला मिळाली; कागदोपत्री ते लग्न झालेलंच नव्हतं, तेव्हा ती कायद्यानं मिळायचीच होती. पण सुतारशाळेच्या दारावर योखेननं पाटी लावली, 'योखेन बारनित्झ, सुतार.' तीनदा सरकारी माणूस येऊन ती उतरवून गेला. तीनदा योखेननं नवी केली, दरवेळी आधीच्यापेक्षा मोठी. चौथ्यांदा माणूस आला नाही. आता त्याचा थोरला तिथं बसतो, पाटी तुम्ही रोज बघता.

मेजरना माफ केलंस का, असं मी योखेनला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "जिवंतपणी एकही हुकूम मोडला नाही माणसानं. मेल्यावर मोडला. उशीर केला, पण माझ्यासाठी मोडला."

कार्स्टेन, तुझ्या डोक्यावर भिंतीला टांगलीय ती करवत काढ. हो, तीच. योखेननं मरताना मला दिली. चौकट बीच झाडाच्या कठीण लाकडाची आहे, दाबून बघ, नखसुद्धा उमटत नाही. आता टोक धर. ते नव्हे, ते योखेनचं, घासून गुळगुळीत झालंय. दुसरं. जे कधीच कुणी धरलं नव्हतं ते.

दिव्याजवळ ने. खोलगट लागतंय ना हाताला? बोटं ठेवून बघ त्यात. मोज.

"...अंगठा," कार्स्टेन म्हणाला. "आणि दोन बोटं."