लंडनचे चार आने

सरका रे पोट्टेहो, जवळ बसा. अन् तो कंदील जरासा बारीक करा, घासलेट काय फुकट येते? भुताची गोष्ट पायजे म्हनता. आता मी काही भुताखेतांच्या भानगडीत पडनारा मानूस नाई. पन हे मनकर्णाबाईसंग घडलं, आपल्या वलगावच्या वाटेवरच, अन् ती बाई खोटं बोलनाऱ्यातली नव्हती. गिऱ्हाइकाच्या हातात किडकं वांगं गेलं तं सवताच हिसकून फेके. तिनं जसं सांगतलं तसं सांगतो. मधात कोनी फिदीफिदी हासलं तं मी उठून जाईन, सांगून ठेवतो.

कार्तिकातली वद्य चतुर्दशी होती, दुसऱ्या दिवशी अमावस. मनकर्णा सकाळीच बंडी जुतून उमरावतीच्या बाजारात गेल्ती. वांगे, मेथी, झेंडूचे फुलं. बंडी सवताच हाके. बाया नावं ठेवत, पन ही कोनाचं आयकते? म्हने, "बैलाले कुठी समजते, हाकनारी बाई हाय का बाप्या?" माल इकला, अन् घराकडचं सामान घेतलं. पांढरं कापड, काळे तीळ, जव, तूप. हे सामान कशाचं, ते समजाले आधी तिचा नवरा समजला पायजे.

नवरा सूर्यभान. माळ्याचं पोट्टं, पन पायाले भिंगरी. ही आताची जर्मनची लढाई नाई, आधीची, त्या लढाईत खच्चरं घेऊन पलटनीमागं गेला अन् जग पाहून आला. आल्यावर रोज संध्याकाळी पारावर बसे अन् शहरांचे भाव लावे. दलाल कसा कापसाच्या बंडीत हात घालून भाव बोलते, तसा.

"बसरा? सहा आने. खजूर चांगले, मानसं चिडके. मार्सेल दहा आने, पन भाकर अशी का दगड बरा. लंडन बारा आने. दिवसाबी दिवे लावा लागते, पन शहर पाह्यासारखं."

"अन् सोळा आने कोनाले रे?" लोक इचारत.

"अजून पाह्यचं हाय नं बापा!"

एका इंग्रज सायबाले जगभर हिंडाचं होतं. देवळं, मनोरे, धबधबे पाहत. त्याचा नोकर होऊन हा निंगाला. दोन वर्सांत येतो म्हनला. बारा वर्सं झाले. ना चिठ्ठी, ना निरोप. सायेब कुठी हाय तेबी कोनाले ठाऊक नाई.

आता मानसाचा बारा वर्सं पत्ता नसला तं काय करतात? पळसाच्या पानांचा मानूस करतात, त्याले अग्नी देतात, अन् बाईचं कुंकू पुसतात. मनकर्णाचे भासरे, सूर्यभानचे मोठे भाऊ पंजाबराव, काही वाईट मानूस नव्हते. पन त्याईले सवताच्या पोरीचं लगन काढाचं होतं, अन् घरात हे असं अधांतरी.

"अमावसेले उरकून टाकू, बाई," ते म्हनले. "बारा वर्सं कमी नाई होत."

"दादा, मले एक मानूस आनून द्या, जो म्हनीन का म्या त्याईले मरतानी पाह्यलं. मंग मीच पुसीन कुंकू."

असा मानूस कुठून आनतात? शेवटी ती म्हनली, "सामान तरी मीच आनीन. दुसऱ्यानं आनलेल्या कापडात मी त्याईले जाऊ देनार नाई."

मनातून तिनं मानलंच नव्हतं. अन् हे पाहा, आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत नाई. घेतलं का त्याचं आयुष्य तेवढं खुटते. बाकीच्या बाया लग्नाकार्यात उखान्यात तरी घेतात. मनकर्णा तेबी नाई घे. आभाळातल्या सूर्यालेबी ती 'वरचा' म्हने. पटवारी नवऱ्याचं नाव इचारे, तं ही बोट वर करे. त्याले वाटे, गेला बिचारा वर! तो च्‌च्‌ करे, अन् ही त्याच्या आंगावर धावून जाये. हासा, हासा, इथं हासलं तं चालते.

तं त्या दिवशी बाजारात बंडीच्या चाकाची लोखंडी धाव निंगाली. लोहाराकडं बसनं आलं. उमरावती सोडली तवा घरोघरचे दिवे लागून इझाले होते. थंडी अशी का बैलांच्या तोंडातून वाफा निंघत. दोहीकडून पऱ्हाटीचे वावरं, बोंडं फुटलेले, अंधारातबी पांढरे दिसत. मागं भाजीच्या रिकाम्या डाल्या अन् ते सामानाचं गठुडं. रस्त्यानं दुसरी बंडी नाई. मनकर्णाले रडू येत होतं, पन बैलांसमोर कशाले रडाचं, म्हनून ती बैलांसंगच बोलत चालली होती.

अर्ध्या वाटेत बैल वाकले. भरल्या बंडीले वाकतात तसे.

तिले वाटलं, धाव पुन्हा निंगाली. खाली उतरली. चाक चाचपलं. चाक बराबर होतं. ती परत चढली, कासरा हातात घेतला.

मागून आवाज आला.

"रंगून... आठ आने."

कासरा हातातून सुटला.

मागं पाह्याची हिंमत नव्हती. पाह्याची गरजबी नव्हती. बारा वर्सांत तो आवाज ती एक दिवस इसरली नव्हती.

"देऊळ सोन्याचं हाय. पन आठच."

डाल्या कुरकुरल्या. कोनी बूड हलवून बसते तशा.

"पॅरिस. लोखंडाचा मनोरा. सायेब वर गेला. मी खाली उभा, पेट्या धरून... पाच."

"तुमी... कवा आले वो?"

बैल चालत होते, पन अंग चोरून.

"लंडनले बारा म्हनलो होतो नं मी?"

"हाव. बारा."

"चार धर."

"काहून वो?"

डाल्या पुन्हा कुरकुरल्या.

"तवा पलटन होती. नावानं कोनी तरी हाक मारे. सायेब मले बॉय म्हने. हाटेलात बॉय. बोटीवर बॉय. डोक्शाचे केस पिकले, मनकर्णे, तरी बॉय. येवढे शहरं पाह्यले... रातच्याले खिडकीतून दिवे मोजे अन् म्हने, याच्यातल्या एका तरी घरात माह्यं नाव कोनाले ठाऊक असतं तं..."



बैल थांबले.

"मनकर्णे."

"जी."

"तुह्यं नाव ध्यानात हाय. आपल्या बैलाईचे नावं ध्यानात हायेत. माह्यं... माह्यं नाव काय होतं?"

जित्ता मानूस आपलं नाव इसरत नाई. जे बारा वर्सं कोनी सांगू शकलं नाई, ते त्यानंच सांगतलं होतं.

"घरी चाला नं आधी," ती म्हनली. "गरम भाकर खा. वांग्याची भाजी करतो. मंग सांगतो."

"कोन्या नावानं येऊ?"

...

पोट्टेहो, त्या बाईचा जीव कसा झाला असन, ते तुमी लगन झाल्यावर समजसान. बारा वर्सं तिनं ते नाव दाताआड धरलं होतं, त्याचं आयुष्य खुटू नये म्हनून. आता घेतलं, म्हनजे संपलं. तिच्या तोंडानं संपलं. अन् नाई घेतलं, तं हा असाच हिंडत राहीन. शहरामागून शहर. बिननावाचा.

ती लय रडली. बैलांसमोर रडली.

मंग तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. कधी घेतलेलंच नव्हतं, जिभेले वळन कुठून येईन?

"सूर्यभान..."

पुन्हा, मोठ्यानं.

"सूर्यभान! अवो सूर्यभान! घरी चाला!"

वावरात काही हाललं नाई. कुत्रं भुकलं नाई.

"ओ," मागून आलं.

एकच. मायनं जेवाले बलावल्यावर लेकरू देते, तसा.

बैलांनी मान वर केली अन् आपल्या मनानं चालाले लागले. बंडी हलकी झाल्ती. मनकर्णानं वेशीपर्यंत मागं पाह्यलं नाई. वेशीत पाह्यलं, तं रिकाम्या डाल्या अन् गठुडं.

पंजाबराव कंदील घेऊन दारात उभे होते, काळजीनं. तिनं गठुडं त्याईच्या हातात देल्लं.

"करा आता, दादा."

"कोनी सांगतलं का काही?"

ती घरात गेली. बाहेर आली तवा कपाळ पुसलेलं होतं, सवताच्या हातानं. दुसऱ्या दिवशी नदीवर सगळं झालं. भटजीनं मेलेल्याचं नाव इचारलं, तं पंजाबराव सांगाच्या आधी तीच बोलली, मोठ्यानं, सगळ्या गावादेखत. बाया तोंडाले पदर लावून पाहत राह्यल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंजाबराव गोठ्यात गेले. पाह्यतात तं दोन्ही बैल दावं तानून बंडीची मागची फळी चाटून राह्यले. हाकलले तं हटेनात. जवळ जाऊन पाह्यलं. फळीवर ओल वाळल्यासारखा पांढरा थर, मानूस बसते तेवढ्या जागेवर. बोट लावून जिभेवर ठेवलं. मीठ. आपलं घरातलं नाई, कडवट, कसंसंच. त्याईनं घागरभर पान्यानं फळी घासून धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच जागा पांढरी. आपल्या वऱ्हाडातून समुद्र किती दूर, सांगा बरं? गावात पाह्यला होता तो एकट्या सूर्यभाननं.

मनकर्णाबाई परवाच्या उन्हाळ्यात गेली. बंडी आता मोडकी हाय, कोनी जुतत नाई. पन पंजाबरावच्या गोठ्यातलं वासरू सुटलं, का पाह्यजा तुमी, आधी मायपाशी नाई जात, त्या फळीपाशी जाते.