तिसऱ्या दालनातल्या बाईंचा निरोप

कलेला मरण नाही, असं त्या कलासंग्रहालयाच्या दारावर दगडात कोरलं आहे. त्याच्याच खाली एक कागद चिकटवला आहे : स्वच्छतागृह बंद आहे.

दगडावरचं खरं की खोटं, ठाऊक नाही. ही हकीकत मात्र खरी. ती आमच्या मामांची आहे, आणि मामांनी तीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. थापा मारणं त्यांच्या अंगातच नाही.

मंगळवार होता. दुपारचे चार. बाहेर लख्ख ऊन.

मामी दर मंगळवारी तिथे फुकट काम करायची. तिसऱ्या दालनात खुर्चीवर बसायचं आणि कुणी चित्राला हात लावू लागलं की "अंहं" म्हणायचं.

"अहो, एकदा तरी येऊन बघा," असं ती चार वर्षं म्हणाली.

"पुढच्या मंगळवारी नक्की," असं मामा चार वर्षं म्हणाले.

मग मामी गेली.

मामा रडले नाहीत. जेवले, झोपले, उठले. लाकडासारखे. पाचव्या महिन्यात संग्रहालयात जाऊन म्हणाले, "तिची खुर्ची मला द्या."

"तीन नंबर बंद आहे, काका," तिथल्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या. "बसायला माणूसच मिळत नाही. दाराला दोर बांधलाय. तुम्ही दोन नंबरला बसा. मोबाइल बंद. शेजारच्या दालनात काही कळवायचं तर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर निरोप धाडायचा. पण खुर्ची सोडायची नाही."

मामा बसले.

सव्वाचारला तिसऱ्या दालनाकडून एक जोडपं आलं.

"आजोबा, पलीकडच्या बाई म्हणाल्या, पाठ टेकून बसा."

मामांना वाटलं, मिळालं वाटतं माणूस. त्यांनी पाठ टेकली.

मग एक टकले गृहस्थ आले. "त्या विचारतायत, चारची गोळी घेतलीत का?"

मामांनी खिसा चाचपला...

गोळी खिशातच होती.

त्यांनी ती पाण्याशिवाय गिळली. आता घाबरायला हवं, हे त्यांना कळत होतं. जमलं नाही. तळपाय तेवढे गार पडले.

शेवटी एक छत्रीवाल्या बाई आल्या. "तुमच्यासाठी निरोप आहे. 'आलात एकदाचे.'"

"पण तिथे दोर आहे ना?"

"होता की. त्यांनीच सोडून दिला."

मामा उठले. खुर्ची सोडली.

तिसऱ्या दालनाला दोर होता. घट्ट बांधलेला. गाठीवर पाच महिन्यांची धूळ...

ते वाकून खालून आत गेले. आत कुणी नव्हतं. भिंतीवर चित्रं, मधे खुर्ची. बैठकीवर हात ठेवला...

कोमट.

ते झटकन मागे सरले. आधाराला भिंतीकडे हात गेला. तिथे चित्र होतं.

"अंहं."

अगदी कानामागे...

मामा वळले. खुर्ची रिकामी होती.

"बोलली माझ्याशी," ते मला सांगत होते, आवाज सपाट. "आणि मी काय केलं? हात मागे घेतला."

व्यवस्थापक बाईंनी खुर्ची सोडल्याबद्दल झापलं ते वेगळंच.

मामा अजून दर मंगळवारी जातात. स्वतः तिसऱ्या दालनात डोकावले की कुणी नसतं. तिला बघतात ते परकेच. मी एकदा गेलो होतो. दोराशी पोचलो आणि परत फिरलो. का, ते विचारू नका.

तुमचं कधी जाणं झालं आणि त्या बाई दिसल्या, तर मामांचा एवढा निरोप पोचवा :

मिक्सरचं झाकण कुठे ठेवलंय?