काजाएवढं भोक

सकाळी साडेदहाला ऑपरेशन, संध्याकाळी घरी. पाठीत शर्टाच्या काजाएवढं भोक पाडायचं, त्यातून पेनाएवढी नळी आत घालायची आणि शिरेवर दाब देणारा मणक्यातल्या चकतीचा तुकडा चिमट्यानं काढून घ्यायचा. डॉक्टरांनी हे इतकं सहज सांगितलं, की मला वाटलं, हा माणूस आमच्याच धंद्यातला. मी शिंपी.

बायको मात्र दवाखान्यातसुद्धा धुसफुसत होती. "दोन वर्षं विचारतेय, पाठ दुखते का? तर म्हणे, काही नाही गं, उसण भरली असेल! पाय बधिर व्हायला लागला तेव्हा कुठे तोंड उघडलं."

खोटं नव्हतं ते. दुखणं कबूल केलं तर दुकान बंद ठेवावं लागेल, म्हणून मी ते गिळत आलो होतो. आता उजवा पायच जायची वेळ आली होती, आणि मशीनचं पायडल त्याच पायानं चालतं.

मला टेबलावर पालथं झोपवलं. पूर्ण भूल नाही, फक्त तेवढी जागा बधिर केली.

"जागं राहायचं," डॉक्टर मागून म्हणाले. "पायात कळ गेली की लगेच बोला. तुम्ही बोललात तरच मला कळणार की शिरेला धक्का लागतोय. गप्प राहिलात तर पाय लुळा पडेल."

डोक्याशी भूल देणाऱ्या बाई स्टुलावर बसल्या होत्या. मला दिसत होत्या त्यांच्या हिरव्या चपला आणि फरशीचा एक चौकोन. स्पिरिटचा वास येत होता. नळीतून आत सोडलेलं पाणी खाली बादलीत ठिबकत होतं.

"कळ?"

"नाही," मी म्हणालो.

जरा वेळानं पुन्हा, "आता?"

तेवढ्यात कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सणकन कळ गेली. मी तोंड उघडणार, तोच उत्तर आलं.

"काही नाही डॉक्टर. चालू द्या."

आवाज माझा होता. तोच घोगरा, तोच समजूत घालणारा. पण मी बोललो नव्हतो... तो माझ्या कमरेकडून आला होता.

भीतीनं माझी जीभ टाळूला चिकटली. दुसरी कळ गेली. मग तिसरी, आणि तिच्यामागून पायाची बोटं एकेक करून थंड पडायला लागली.

"छान. आता?"

"काही नाही... ठणठणीत."

मी सगळा जीव एकवटून हात पुढे केला आणि बाईंच्या अंगरख्याचं टोक मुठीत धरलं. त्या खाली वाकल्या. त्यांची नजर माझ्या ओठांवर गेली. ओठ घट्ट मिटलेले होते, आणि मागून बोलणं चालूच होतं, "चालू द्या... चालू द्या..."

"डॉक्टर, थांबा," त्या कुजबुजल्या. "नळी मागे घ्या... हे... हे बोलत नाहीयेत."

डॉक्टर थांबले. उरलेला तुकडा त्यांनी दुसऱ्या बाजूनं काढला, आणि पाय वाचला. संध्याकाळी त्या बाई वॉर्डात आल्या. बायकोसमोर काही बोलल्या नाहीत. माझ्या पाठीवरच्या पट्टीवर त्यांनी आणखी एक पट्टी लावली, कडा दाबून दाबून बसवल्या आणि मागे न बघता निघून गेल्या.

सहा आठवड्यांनी दुकान उघडलं. घराचीच पुढची खोली आहे ती. ओठांत टाचण्या धरून मी एका कोटाची बाही लावत होतो, तर पायडलवर लाल डाग दिसला. पाय उचलून पाहिला. उजव्या तळव्यात एक टाचणी डोक्यापर्यंत घुसली होती, आणि मला काहीच कळलं नव्हतं.

"पाय बरा आहे ना हो?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

टाचण्या थुंकून मी ओरडणार होतो. पण जीभ पुन्हा टाळूला चिकटली, आणि माझ्या पाठीतून, त्या काजाएवढ्या जागेतून, अगदी मायेनं उत्तर गेलं.

"काही नाही गं. ठणठणीत."

"सुटले बाई," ती म्हणाली, आणि भांडी घासायला लागली.